प्रॉसरबाईंचा उजवा हात

स्टोनी फोर्क गावातल्या चर्चच्या गायकवृंदाला प्रॉसरबाईंचा उजवा हात तोंडपाठ होता. तळवा उघडून वर गेला की श्वास घ्यायचा, बोटं मिटली की थांबायचं, आणि करंगळी थरथरली की समजायचं, खर्जवाल्यांपैकी कुणीतरी बेसूर झालंय आणि तालमीनंतर त्याची काही धडगत नाही. तेवीस माणसं होती. शेतकरी, मेंढपाळ, एक गवंडी, दोन सुइणी. नांगर धरून हात लाकडासारखे झालेले, पण बाईंचा हात वर गेला की तेवीस छात्या एकदम भरायच्या. "माझ्या तोंडाकडे बघू नका, हाताकडे बघा," बाई म्हणायच्या. "तोंडावर तुम्हाला माझं मत दिसेल, आणि त्याने तुमचं गाणं सुधारणार नाही."

बाई मूळच्या वेल्सच्या, कोळशाच्या खाणींच्या गावच्या. एकोणिसाव्या वर्षी गाण्यात बक्षीस मिळवलेल्या. पुढे धर्मप्रचारक आले, बाईंना त्यांचं पटलं, आणि नवऱ्याबरोबर समुद्र ओलांडून त्या इकडे अमेरिकेत आल्या. बाहेरचे लोक या मंडळींना मॉर्मन म्हणत. ते स्वतःला संत म्हणवत. वागण्यात संतपणा किती होता ते ज्याचं त्याला ठाऊक, पण चालले मात्र संतांसारखे. तेराशे मैल, हातगाडा ओढत. बाईंचा नवरा वाटेतच गेला. त्याला नदीकाठी पुरलं, त्या संध्याकाळीसुद्धा तांड्याच्या प्रमुखाने बाईंना गायला लावलं, लोकांचा धीर सुटू नये म्हणून. घशात खारी धूळ, आणि रोज संध्याकाळी गाणं. सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचेपर्यंत वरच्या सप्तकातला एक स्वर कायमचा तडकला. दुसऱ्या कुणाला ते कळलंही नसतं. पण बाईंना कळायचं, आणि तडकलेल्या भांड्यात त्या पाहुण्यांना दूध देणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या दिवसापासून त्यांनी एकटीने गाणं बंद केलं आणि शिकवणं सुरू केलं.

जमिनीत खणलेल्या घरात, वरून माती पडतेय आणि खाली पोरं सा-रे-ग म्हणतायत, अशी सुरुवात झाली. सूर लावून घ्यायला एक नादकाटा होता, तेवढंच वाद्य. आता वीस वर्षं झाली होती, सभाघर दगडी झालं होतं, आणि बाईंच्या हाती काय लागलं होतं? वैताग. एखादा आवाज पिकत आला की कुणीतरी येऊन तो तोडून नेई. लुसी नावाची मुलगी डोंगरापलीकडच्या एका शेतकऱ्याची तिसरी बायको होऊन गेली आणि लोणी घुसळता घुसळता सगळं विसरली. दुसरी रेल्वेवाल्याबरोबर पळाली. तिसऱ्या एका उत्तम आवाजाच्या पोराला चर्चने प्रचाराला पाठवलं, तो परत आला तो घसा बसवून. शिवाय वृंदाच्या प्रमुखपदी बाईंचं नाव नव्हतंच. प्रमुख ब्रदर हगिन्स. ते एका कानाने बहिरे होते, आणि दुसऱ्या कानाने फक्त स्वतःचं ऐकत. ते मागच्या बाकावर बसून खर्ज लावत आणि मोठ्या मोक्याच्या जागी खोकत.

सहा वर्षांपूर्वी मारेन आली. डेन्मार्कहून आलेल्या कुटुंबातली, तेव्हा सोळा वर्षांची. पहिल्या दिवशी तिने एक साधं भजन म्हटलं आणि बाईंनी नादकाटा खाली ठेवला. असा आवाज एका जन्मात एकदाच समोर उभा राहतो, हे बाईंना ठाऊक होतं. त्या तो स्वतःच्या गळ्यातही ऐकून बसल्या होत्या. सहा वर्षं त्यांनी त्या पोरीवर मेहनत घेतली. मध्येच तिने योर्गन लोहाराशी लग्न केलं, तेही बाईंनी सोसलं. निदान लोहार गावातला होता आणि तिच्या तालमीच्या वेळी ऐरण बंद ठेवायचा.

आणि आता सॉल्ट लेक शहरातल्या मोठ्या वृंदाच्या संचालकांचं पत्र आलं होतं. बाईंच्या चौथ्या पत्राला पहिलं उत्तर. चर्चच्या एप्रिलच्या महासभेला मुलीला घेऊन या, ऐकतो, पसंत पडली तर एकल गायिकेची जागा आहे आणि पुढचं शिक्षणही. बाईंनी ते पत्र इतक्यांदा उघडलं होतं की घडीवर कागद फाटायला आला होता.

अडचण एकच होती. मारेनला बाईंचा हात दिसल्याशिवाय श्वास घेता येत नसे.

गुरुवारच्या तालमीत बाईंनी हात पाठीमागे धरला. पेटी वाजवणारीने चार मात्रा वाजवल्या. मारेन उभी होती, तोंड मिटून. पाचवी गेली, सहावी गेली.

"थांबा!" बाई ओरडल्या. "मारेन, किती मात्रा थांबायचं होतं?"

"चार, बाई."

"मोजल्यास?"

"मोजल्या."

"मग पाचवीला तोंड का नाही उघडलंस?"

"तुमचा हात दिसला नाही."

"तो दिसू नये म्हणूनच मागे धरलाय ना मी! शहरात काय मी बाकाखाली लपून हात दाखवू? तिथले संचालक शंभर माणसं सांभाळणार की तुझा श्वास? समोर वरच्या खिडकीकडे बघायचं, पोटातून श्वास घ्यायचा, खांदे हलवायचे नाहीत, आणि यायचं. आपलं आपण यायचं!"

"हो बाई."

"सिस्टर प्रॉसर," मागून हगिन्स म्हणाले, "सोडा ना पोरीला. हात दाखवला की किती गोड गाते."

"ब्रदर हगिन्स, तुम्ही प्रमुख आहात. प्रमुखांनी असल्या बारीकसारीक गोष्टींत लक्ष घालून स्वतःला त्रास करून घेऊ नये."

हगिन्सना ते कौतुकच वाटलं. त्यांनी मान डोलावली आणि खोकले.

पुन्हा घेतलं. पुन्हा मारेन थिजून उभी. सातव्यांदा बाईंचा धीर सुटला, हात वर गेला, आणि पोरीच्या गळ्यातून असा स्वर निघाला की सुइणींपैकी धाकटीने डोळे पुसले. बाईंना रडूही येईना आणि ओरडावंसंही वाटेना. त्यांनी तालीम संपवली आणि घरी जाऊन तावातावाने चुलीतली राख काढली.

रविवारी सभा होती. वृंद नेहमीप्रमाणे पुढे, लोकांकडे तोंड करून बसलेला, आणि बाई त्यातल्याच पहिल्या बाकाच्या टोकाला, अर्धवट वृंदाकडे वळून. नवं गीत म्हटलं. तीन आठवड्यांची मेहनत होती. शेवटचा स्वर इतका हलका ठेवायचा होता की तो कधी थांबला ते कळू नये, आणि तो तसा हलका होतही होता, तेवढ्यात हगिन्स खोकले. साधं नाही, पिंप उताराने घरंगळत गेल्यासारखं.

बाई खाली बसल्या त्या आतून उकळत. बिशप पेल्टन उभे राहिले, कागद काढला, वाचू लागले. बाईंच्या कानावर शब्द येत होते, आत शिरत नव्हते. या माणसाला दर रविवारी नेमकं शेवटच्या स्वरालाच कसं होतं? मध तरी किती द्यायचा? की त्याला सरळ गावच्या तुरई फुंकणाऱ्या पोरांत बसवावं? बिशप म्हणाले, "ज्यांची संमती आहे त्यांनी उजवा हात वर करावा."

ही इथली रीत. कुणाला काम द्यायचं, कुणाला कुठे पाठवायचं, कुणाला शिक्षक करायचं, सगळ्याला हात वर. दर रविवारी निदान दोनदा. लोकांचे हात डोकं विचारायच्या आत वर जात. दुपारच्या उकाड्यात डुलकी लागलेले म्हातारेही झोपेत हात वर करत. मग बिशप म्हणत, "विरोध असेल त्यांनीही तशीच खूण करावी," आणि एक श्वासभर थांबत. त्या एका श्वासात अकरा वर्षांत एकही हात वर गेला नव्हता.

बाईंचा हात वर गेला. हगिन्सना तुरईच्या पोरांत बसवायचं की नाही, याचा निर्णय व्हायचा होता. मागे तेवीस हात वर गेले, मग सगळं सभाघर. विरोधाचा श्वास आला आणि गेला. बिशपनी कागद मिटला.

कुठेतरी कुणीतरी हुंदका देऊन रडलं. तेव्हा कुठे बाई भानावर आल्या. समोर योर्गन लोहार बसला होता, मांडीवरची टोपी पिळत, चेहरा पांढरा.

"काय झालं?" बाईंनी शेजारच्या सुईणबाईंना विचारलं. "कुणाबद्दल होतं?"

"अहो, ऐकलं नाहीत? दक्षिणेला. नव्या वसाहतीवर. सात कुटुंबांना बोलावणं आलंय. तीन आठवड्यांत निघायचं." त्या कानाशी आल्या. "लोहारसुद्धा."

बाईंनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो मांडीवर निवांत पडला होता, काही केलंच नसल्यासारखा.

सोमवारी सकाळीच त्या बिशपच्या अंगणात हजर झाल्या. बिशप काकवी काढत होते. पत्र्याची लांब कढई भट्टीवर रटरटत होती आणि ते झाऱ्याने वरची मळी काढत होते. चर्चचा अधिकार मोठा असला तरी पोट भरायला त्यांना काकवीच काढावी लागे.

"या, सिस्टर प्रॉसर. जरा लांब उभ्या राहा, उडेल अंगावर."

"बिशप, मी मारेनबद्दल बोलायला आले."

"मारेनचं नाव यादीत नाही. योर्गनचं आहे. तिकडे लोहार लागतोय."

"म्हणजे ती त्याच्या गाडीतली ऐरण? ठेवली नि नेली?"

बिशप हसले नाहीत. "तिकडे दोनशे माणसं नदीला बांध घालतायत. दर पुराला तो वाहून जातो. कुदळ मोडली तर जोडून द्यायला माणूस नाही. मी काय करू? यादी शहरातून आली, पण लोहाराचं नाव मीच दिलं, हेही सांगतो. माझ्याकडे तेवढा एकच चांगला आहे."

"आणि माझ्याकडे? माझ्याकडे तरी कुठे दुसरी आहे? ते एप्रिलचं पत्र मी तुम्हाला वाचून दाखवलं होतं!"

"दाखवलंत. मला आनंद झाला होता. गाणं तिकडेही लागेलच, सिस्टर."

"हेच तुम्ही लुसीच्या वेळी म्हणालात. लुसी आता कुणापुढे गाते माहीत आहे? गायीपुढे. तीही दूध द्यावं म्हणून!"

बिशपनी झारा बाजूला ठेवला आणि हात पुसले. "एक सांगू? मला तर काल बरं वाटलं. मनात धाकधूक होती, सिस्टर प्रॉसर रागावणार. आणि बघतो तर सगळ्यांत आधी तुमचाच हात वर. म्हटलं, बाईंचं मन मोठं आहे."

बाईंना कुणी भर सभेत थोबाडीत मारली असती तरी इतकी लागली नसती. "माझं लक्ष नव्हतं," त्या म्हणाल्या.

"प्रार्थनेच्या जागी? मग कुठे होतं?"

"हगिन्सच्या खोकल्यात."

आता मात्र बिशप हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग बाईंचा चेहरा बघून थांबले. "हे बघा. यादीतल्या ब्रदर ओल्सनचा काल संध्याकाळी पाय मोडला. त्याच्या जागी दुसरं नाव घालावं लागतंय, म्हणजे येत्या रविवारी सगळी यादी पुन्हा वाचायची, पुन्हा संमती घ्यायची. तुम्हाला विरोध असेल तर मी विचारतोच ना दर वेळी? तेव्हा करा हात वर. मी तुम्हाला अडवणार नाही. पण सगळ्यांदेखत करायचा, काकवीच्या कढईपाशी नाही."

"करीन," बाई म्हणाल्या. "मला काय भीती आहे!"

भीती होतीच. या गावात घर जळलं तर सगळं गाव घर बांधून देई, विधवेचं गवत न सांगता कापून टाकी. पण सगळ्यांच्या विरोधात हात वर केलेल्या माणसाला उद्या कुणी सरपण आणून देईल का, हे सांगता येत नव्हतं. बाई बावन्न वर्षांच्या होत्या आणि हिवाळा तोंडावर होता. तरीही त्यांचं ठरलं. वाटेत त्या दोनदा थांबल्या आणि दोन्ही वेळा मनाशी म्हणाल्या, करायचाच.

तिथून त्या थेट लोहारवाड्यात गेल्या. मारेन अंगणात सफरचंदाच्या चकत्या फडक्यावर वाळत घालत होती. भिंतीशी गाडी उभी होती, तिच्यावर नवं कापड ताणून झालं होतं. आत योर्गनची हातोडी चालू होती; बाई दिसल्या तशी ती सवयीने थांबली.

"इतकी घाई कशाला?" बाई गाडीकडे बघून म्हणाल्या. "अजून काही नक्की नाही."

"बसा ना, बाई."

"बसायला वेळ नाही. मारेन, तू हात वर का केलास?"

मारेनने फडक्यावरचा हात मागे घेतला. "मी तुमच्याकडे बघितलं."

"म्हणजे?"

"बिशपनी योर्गनचं नाव घेतलं तेव्हा मला काही सुचेना. मी सवयीने तुमच्याकडे बघितलं. म्हटलं, बाईंचा हात खाली राहिला तर मीही नाही करणार, मग काय व्हायचं ते होवो. आणि तुमचा हात वर गेला. तळवा उघडून, अगदी नेहमीसारखा. मग मी श्वास घेतला आणि केला." तिने फडक्याची कड सरळ केली. "सगळ्यांनीच तसं केलं, बाई. वृंदातल्या सगळ्यांनी. सुईणमावशी म्हणत होत्या, बाईंना चालतंय तर आपल्याला का नको."

बाई गाडीच्या दांडीला टेकल्या. सहा वर्षं त्यांनी या पोरीला एकच गोष्ट विसरायला सांगितली होती, आणि पोरीने ती नेमक्या नको त्या दिवशी, नको त्या जागी लक्षात ठेवली होती. राग कुणावर काढावा? हात त्यांचाच होता.

"मी ऐकतच नव्हते गं," त्या म्हणाल्या. "मी हगिन्सला शिव्या देत होते मनात."

मारेन आधी हसली. मग हसता हसता तिचा चेहरा बदलला आणि ती कमरेच्या एप्रनला हात पुसत राहिली.

"ऐक माझं," बाई तिच्याजवळ आल्या. "रविवारी यादी पुन्हा वाचणार आहेत. मी हात वर करणार नाही. वृंदही करणार नाही, मला माहीत आहे. तू फक्त गप्प बसून राहा. मग बिशप विरोध विचारतील तेव्हा मी एकटी करीन. गावाला मला जे म्हणायचं ते म्हणू दे. तरीही यादी टिकलीच, तर योर्गन जाऊ दे पुढे, बांध-बिंध होईपर्यंत. तू एप्रिलला माझ्याबरोबर चल. एकदा शहराने तुला ऐकलं की कुणाची टाप नाही तुला हलवायची."

"योर्गन एकटा जाईल?"

"एक वर्ष. लोहार आहे तो, कुणी खाणार नाही त्याला."

मारेन खाली बघत एक चकती उलटत होती, तीच चकती पुन्हा उलटत होती. "बाई, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"एप्रिलचं तुम्ही ठरवलंत. दक्षिणेचं बिशपनी ठरवलं. पण बिशपनी निदान विचारलं तरी. हात वर करा म्हणून का होईना. तुम्ही कधी विचारलंत मला?"

आत हातोडी अजून थांबलेलीच होती. बाईंनी गाडीवरचं ताणलेलं कापड उगाच ओढून पाहिलं.

"असला आवाज ज्याला मिळाला त्याला काय विचारायचं?" शेवटी त्या म्हणाल्या. "मला कुणी विचारलं होतं? नवऱ्याला पुरून आले त्या संध्याकाळी मला म्हणाले, गा. मी गायले! माझा आवाज गेला तो गेला, तुझा जाऊ देणार नाही मी. धुळीत, बैलांच्या मागून, तांड्यासाठी गाऊन गाऊन तुझाही एक दिवस तडकेल, आणि तुला तो ऐकू येईल, मारेन. दुसऱ्या कुणाला नाही येणार. तुला येईल, रोज!"

मारेन रडत होती, पण तिने मान हलवली नाही, हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही. "रविवारी भेटू, बाई," एवढंच ती म्हणाली.

तो आठवडा बाईंनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. गुरुवारच्या तालमीत त्या कुणावरच ओरडल्या नाहीत, त्यामुळे वृंद घाबरून गेला. हगिन्स तर आपणहून म्हणाले, "माझा खोकला बराच कमी आहे, सिस्टर." घरी बाई आरशापुढे उभ्या राहून हात वर करून बघत. संमतीचा हात आणि विरोधाचा हात, दिसायला दोन्ही सारखेच. दुसरा मात्र खांद्यापासून जड वाटे.

रविवार आला. सभाघर खच्चून भरलं होतं. ज्यांची माणसं जाणार होती ती आजारीपाजारीही आली होती. बिशपनी यादी काढली. या वेळी बाई एकेक शब्द ऐकत होत्या. सात नावं. पाचवं योर्गनचं.

"ज्यांची संमती आहे त्यांनी उजवा हात वर करावा."

बाईंनी उजवा हात मांडीवर ठेवला आणि वर डावा हात दाबून धरला. त्यांनी मान वळवून वृंदाकडे पाहिलं. तेवीस माणसं त्यांच्या हाताकडे बघत होती. हात हलला नाही, म्हणून कुणीच हललं नाही. वीस वर्षांची शिस्त होती ती. सूर चुकला असेल कधी, पण हाताआधी कुणी आलं नव्हतं. समोरच्या लोकांत काही हात अर्धे उठले, वृंदाकडे बघून घोटाळले आणि खाली यायला लागले. म्हातारे जागे झाले. सभाघरात असली शांतता कुणी ऐकली नव्हती. बिशपनी कागदावरून डोळे वर केले, बाईंकडे पाहिलं, आणि कागद हातात धरून थांबले.

बाईंच्या मनात आलं, झालं. जमलं. आता एकच श्वास.

आणि तेवढ्यात मारेन दिसली.

ती बाईंच्या हाताकडे बघत नव्हती. बाईंकडेही नाही, खाली बसलेल्या योर्गनकडेही नाही. ती समोर, वरच्या खिडकीकडे बघत होती. तिचं पोट श्वासाने भरलं, खांदे जागचे हलले नाहीत, आणि तिचा उजवा हात सरळ वर गेला. सगळ्या सभाघरात एकटा.

कुणीही सांगितलं नव्हतं. कुणीही मात्रा मोजून दिल्या नव्हत्या.

मग धाकट्या सुईणीचा हात वर गेला, मग हगिन्सचा, मग बाकापाठोपाठ बाक. बिशपनी घसा साफ केला. "विरोध असेल त्यांनीही तशीच खूण करावी."

तो एक श्वास बाईंनी आठवडाभर घोकला होता. हात वर करायला काही लागत नव्हतं. फक्त डावा हात बाजूला घ्यायचा होता. पण वर करून म्हणणार काय? की ही पोरगी चुकली? ती चुकली नव्हती. सहा वर्षांत पहिल्यांदा ती अचूक आली होती, आपली आपण, आणि बाईंना तिच्याविरुद्ध काहीही म्हणता येत नव्हतं. हात मांडीवर पडून होता. श्वास संपला.

बिशपनी समारोपाचं गीत सांगितलं. बाई उठल्या. हात वर गेला, तळवा उघडला, आणि बावीस जणांनी श्वास घेतला. तेविसावीने तो आधीच घेतला होता. हगिन्स शेवटच्या स्वराला खोकले, आणि बाईंनी करंगळीसुद्धा हलवली नाही.

बाहेर लोक निघणाऱ्यांना मिठ्या मारत होते. मारेन गर्दीतून वाट काढत आली आणि गुरुवारच्या तालमीनंतर उभी राहायची तशीच समोर उभी राहिली. बाईंनी तिचा दंड इतका घट्ट धरला की ती कळवळली.

"सहा वर्षं!" बाई दातांवर दात दाबून म्हणाल्या. "सहा वर्षं घसा फोडला मी. हात मागे धरला, पाठ फिरवली, तुला नाही नाही ते बोलले. तेव्हा नाही जमलं तुला. आणि आज बरं जमलं?"

मारेनने दंड सोडवून घेतला नाही. "चुकलं का काही, बाई?"

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग दंड सोडला आणि तिची विस्कटलेली शाल दोन्ही खांद्यांवर सारखी केली.

"काही नाही चुकलं गं," त्या म्हणाल्या. "तेच तर."